तेल खाली आहे

बापू शेवडे कारण नसताना चिडतात, असं उज्जैनच्या माधव नगरात सगळे म्हणत. ते खरं नव्हतं. कारणं भरपूर होती; लोकांना ती दिसत नसत, एवढंच.

ज्या माणसाने चौतीस वर्षं रेल्वेच्या ट्रेन लायटिंगमध्ये काढली, गाडीच्या डब्यांच्या पोटाशी वाकून डायनमोचे पट्टे आवळले, बॅटऱ्यांत पाणी घातलं आणि उज्जैनवरून जाणाऱ्या हजारो लोकांना उजेडात जेवू दिलं, त्याने रिटायर होऊन घरी यावं आणि रोज सहा-सहा तास अंधारात बसावं? छत्तीसगड वेगळं झालं आणि वीज तिकडे गेली, असं लोक म्हणत. इकडे फ्रीगंजच्या दुकानांत काचेमागे नवी कपडे धुण्याची मशिनं ओळीने उभी होती, टीव्हीवर चॅनल मोजता येत नव्हते. "सारं जग घरात आलं," बापू म्हणत, "फक्त लाइट चालली गेली."

अंधार त्यांनी एक वेळ सोसला असता. पण त्यांच्या बायकोचा, सुनंदाबाईंचा, श्वास विजेवर चालत होता.

सुनंदाबाई मुलींच्या शाळेत शिकवत आणि गाइडच्या कॅप्टन होत्या. दर डिसेंबरला तीस मुली आणि आठ तंबू घेऊन त्या कुठल्या तरी नदीकाठी जात. बापूंना कधी रजा मिळाली नाही, म्हणून ते एकदाही गेले नाहीत. पण परत आलेली बायको वेगळी असे. केसांना धुराचा वास, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा, की स्वयंपाकघरातून हाक मारली तर अंगणातला माणूस ताठ उभा राहावा. तो आवाज आठवडाभर टिके, मग हळूहळू घरातल्यासारखा होई. बापूंना तो फार आवडे. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं.

मग दमा आला. डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलं. विजेवर चालणारा एक छोटा पंप हवा फेकायचा, ती हवा नळीतून औषधाच्या वाटीत जायची, औषधाचं धुकं व्हायचं आणि मुखवट्यातून ते ओढून घ्यायचं. सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं. पर्समध्ये औषधाचा फवारा असे, पण तो घटकाभर पुरे. तिच्या जुन्या विद्यार्थिनी, आता चाळिशीच्या बायका, दर डिसेंबरला अजूनही शिबिर भरवत आणि दर वर्षी बोलवायला येत. "तिथे प्लग कुठे लावू गं, बाभळीला?" असं म्हणून सुनंदाबाई हसत. चार वर्षं हसल्या. त्या हसण्याचा बापूंना जितका राग येई, तितका विजेच्या खात्याचाही येत नसे. शिट्टी तिने शिवणाच्या डब्यात टाकली होती.

म्हणून त्यांनी जयूला लिहिलं. जयू त्यांचा पुतण्या, जहाजावर होता. त्याने सिंगापूरहून ते आणलं: लाल रंगाचं, सुटकेसएवढं, हाताला मूठ असलेलं जनरेटर. एका हाताने उचलावं, दोरी ओढावी आणि टेबलफॅनइतक्या आवाजात ते चालावं. अंगावर इंग्रजीत 'इन्व्हर्टर' लिहिलं होतं आणि त्या एका शब्दाने बापूंचं डोकं उठवलं. कारण उज्जैनमध्ये इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीवाला डबा.

"इन्व्हर्टर आहे तर बॅटरी कुठे आहे?" शेजारच्या अण्णांनी विचारलं.

"नाही आहे बॅटरी. पेट्रोलवर चालते ही."

"मग इन्व्हर्टर कसला? तुम्हाला ठगलं, बापू."

"अण्णा, इंजिन जी वीज बनवतं ती चुरगळलेली असते. आतमधलं सर्किट तिला इस्त्री करतं. मग नाजूक मशीनही तिच्यावर चालते. त्या इस्त्रीला इन्व्हर्टर म्हणतात. समजलं?"

"समजलं," अण्णा म्हणाले. "नातवाच्या मुंजीला देणार ना दोन दिवस?"

"मुंज दिवसा लावा. बटूला लाइट काय करायची?"

अण्णा पंधरा दिवस बोलले नाहीत. नंतर कोणी सत्यनारायणासाठी मागितलं, कोणी साखरपुड्यासाठी, एकाने तर क्रिकेटची मॅच बघायला मागितलं. बापू दारातूनच सगळ्यांना परतवून लावत. दर रविवारी गच्चीवर ते मशीन वीस मिनिटं चालवून बघत, तेलाची काडी पुसून पुन्हा बुडवून पाहत आणि सुनंदाबाईंचं वाफेचं मशीन त्यावर लावून देत. धुकं नीट आलं की मान डोलावत. त्या वर्षी शिबिराची मुख्य बाई, निहारिका व्यास, बोलवायला आली तेव्हा सुनंदाबाई हसल्या नाहीत. बापूंकडे बघून म्हणाल्या, "येते." त्याच दिवशी शिवणाच्या डब्यातून शिट्टी गायब झाली. बापूंनी ते पाहिलं आणि उगीचच घड्याळाला चावी दिली.

राहिले जावई.

आल्हादराव पुण्याचे. माणूस वाईट नव्हता. कामाचा होता, डोंगर चढणारा, कुठेही तंबू ठोकणारा. पण त्यांचं नाव निघालं की बापूंचे कान लाल होत, आणि त्याला सात वर्षांपूर्वीची एक दुपार कारण होती. लेकीला, मृणालला, बघायला पुण्याची मंडळी आली होती. बापू घाबरलेले होते. घरात, गल्लीत, कामावर उज्जैनची मराठी बोललेला माणूस. समोर हे एकेक शब्द फुंकून टाकणारे लोक. ते म्हणाले, "मुलीची शिक्षा पूर्ण झाली आहे. आता तुमच्या घरी यायला तयार आहे."

मग मुलाची आत्या म्हणाली, "अहो, शिक्षा तर आता सुरू होणार!" आणि सगळी बैठक खदाखदा हसली. बापूही हसले. काय झालं ते त्यांना संध्याकाळी मृणालने सांगितलं, की बाबा, तुम्ही हिंदीतली शिक्षा म्हणालात, शिक्षणातली. त्यांना मराठीतली ऐकू आली, छडीची. बापू नुसतं 'बरं' म्हणाले. पण त्यांचे पणजोबा शिंद्यांच्या दप्तरात मोडी लिहीत होते, ते काय पुण्याहून कोणाला विचारून लिहीत होते?

लग्नानंतरही आल्हादरावांची सवय गेली नाही. "आई, पोहे बनवत नाहीत हो, करतात." सुनंदाबाई हसून म्हणत, "करते बाबा, करते." बापू ताटावरून उठून जात.

त्या डिसेंबरात आल्हादराव आणि मृणाल आपली जीप घेऊन आले होते. शिबिर नर्मदेकाठी होतं, मोरटक्क्याच्या पुलापासून थोडं आत. निघायच्या सकाळी सुनंदाबाईंना फ्रीगंजच्या डॉक्टरांना छाती दाखवायची होती. तेव्हा ठरलं असं, की जावई आणि लेक सामान घेऊन सकाळीच जीपने पुढे जातील, तंबू लावून देतील. बापू आणि सुनंदाबाई दुपारपर्यंत बसने पोचतील.

म्हणजे मशीन जावयाबरोबर जाणार! बापूंना रात्रभर झोप नव्हती. जीपमध्ये तंबूंच्या गठ्ठ्यांत ते आडवं पडणार, घाटात हिंदकळणार, इंजिनातलं तेल नको तिथे शिरणार. पहाटे उठून त्यांनी पेट्रोल काढून जीपमधल्या कॅनमध्ये भरलं, आणि बुडाचा बोल्ट सोडून इंजिनातलं तेलही सगळं काढून टाकलं. नव्या तेलाचा सीलबंद डबा मात्र त्यांनी जीपमध्ये ठेवला नाही, स्वतःच्या झोळीत टाकला. तेल आपल्याजवळ, तर मशीन आपल्याशिवाय चालणार नाही. मोठी मशिनं तेल नसलं तर आपोआप बंद पडत. हे तसं नव्हतं. हे बिचारं चालत राहायचं, मरेपर्यंत.

ट्रेन लायटिंगमध्ये नियम होता. उघडलेल्या मशीनवर पाटी बांधल्याशिवाय माणसाने हलायचं नाही. ज्याने पाटी बांधली नाही त्याच्या सात पिढ्यांचा बापू उद्धार करत. त्यांनी जुन्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा कापला, लाल पेन्सिलीने ठळक लिहिलं आणि सुतळीने मुठीला बांधला.

तेल खाली आहे. — बापू.

"वाचलं ना?" जीप निघताना त्यांनी विचारलं.

"वाचलं, बापू," आल्हादराव म्हणाले. "काळजीच करू नका."

काळजी करू नका म्हणणाऱ्या माणसाचा बापूंना विजेच्या खात्याइतकाच भरवसा वाटे असं नाही. त्याहून कमी वाटे.

बस इंदूरला तासभर थांबली, घाटात आणखी थांबली. मोरटक्क्याला उतरले तेव्हा चार वाजत आले होते. सुनंदाबाई हळूहळू, थांबत थांबत चालत होत्या, पण थांबल्या की नदीकडे बघत होत्या, आणि बापूंना त्यांच्या चालण्याचा राग येत नव्हता. काठावरच्या बाभळींपलीकडे तंबूंची टोकं दिसायला लागली. आणि मग एक आवाज आला. टेबलफॅनसारखा, बारीक, एकसुरी.

बापू जागच्या जागी थबकले. "कोणी चालू केली?"

"काय?"

"मशीन! तेल माझ्याजवळ आहे!"

एकसष्ट वर्षांचा माणूस वाळूतून धावत सुटला. झोळीतला तेलाचा डबा मांडीवर आपटत होता. "बंद करा! अहो, बंद करा!" ते ओरडत होते, पण वारा समोरून वाहत होता. मशीनचा आवाज बदलला. पहिल्यांदा घसा बसल्यासारखा झाला, मग लोखंडावर लोखंड घासल्याची एक लांब किंकाळी आली, मग काहीच नाही. चौतीस वर्षांत बापूंनी तो आवाज तीनदा ऐकला होता. तीनही वेळा मशीन भंगारात गेलं होतं.

ते पोचले तेव्हा आल्हादराव मशीनशेजारी उकिडवे बसून दोरी ओढत होते. दोरी तसूभरही हलत नव्हती. वर बाभळीच्या फांद्यांना पिवळ्या दिव्यांची माळ लावलेली होती. निहारिका, मृणाल आणि आठ-दहा बायका भोवती उभ्या होत्या.

"आईंसाठी म्हटलं जरा सरप्राइज..." आल्हादराव म्हणाले. "दहा मिनिटं मस्त चाललं, आणि मग..."

"मारून टाकली!" बापूंचा आवाज फाटला. "मारून टाकली ना! कोणी सांगितलं होतं हात लावायला? पाटी बांधली होती! डोळे फुटले होते काय?"

"बाबा," मृणाल म्हणाली.

"तू मध्ये बोलू नको! अख्ख्या माधव नगरशी भांडलो मी या मशीनसाठी. मुंजीला दिली नाही, लग्नाला दिली नाही. आणि यांना दिव्यांची माळ लावायची होती! भर उन्हात! नवरदेव येणार होता काय घोड्यावर?"

आल्हादराव उभे राहिले. त्यांचाही चेहरा लाल झाला होता. "पाटी वाचूनच केलं मी सगळं. हे बघा, तुमच्याच हातचं आहे. तेल खाली आहे. मी आडवं होऊन पाहिलं. खाली बोल्ट होता. म्हटलं ठीक, तेल खाली आहे, वरून फक्त पेट्रोल भरायचं."

"खाली आहे म्हणजे खाली आहे!"

"तेच म्हणतोय मी!"

"अहो, खाली! खाली! आत एक थेंब नाही! बसमध्ये सीट खाली असते, तशी! डबा खाली असतो, तसा!"

"सीट खालीच असते, बापू! वर कुठे असते?"

निहारिकाने पुढे होऊन पुठ्ठा हातात घेतला. ती उज्जैनचीच, घरात हिंदी बोलणारी. मराठी तिला सुनंदादीदींच्या सहवासाने समजत होती तेवढीच. तिने तो वाचला आणि म्हणाली, "सही तो लिखा है अंकलजी ने। तेल खाली है।"

बापूंची बाजू घेणारी एकच बाई निघाली, आणि तिने ती मराठी पाटी हिंदीत वाचली होती. बापूंनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. आपली लाल, ठसठशीत, अभिमानाने काढलेली अक्षरं. आता कुठे त्यांना दिसलं, की ते वाक्य दोन माणसांना दोन गोष्टी सांगत होतं, आणि दोघांनाही अगदी स्पष्ट सांगत होतं. सात वर्षांपूर्वीची बैठक पुन्हा खदाखदा हसली. राग मात्र होता तेवढाच होता. त्याला आता जायला जागा नव्हती, म्हणून तो उलटा फिरून त्यांच्याच छातीत शिरला.

मागून कोणीतरी हसलं. सुनंदाबाई पोचल्या होत्या. "सीट खालीच असते," त्या म्हणाल्या आणि हसत सुटल्या, हसता हसता खोकल्या आणि मग खोकतच राहिल्या. मृणालने त्यांना लोखंडी पेटीवर बसवलं. फवारा दिला. खोकला थांबला, पण श्वासाबरोबर ती बारीक शीळ वाजायला लागली. घरात सगळे तिला ओळखत होते.

"चला," बापू म्हणाले. "मृणाल, सामान उचल. जीपने परत. आत्ता."

"मी नाही येत," सुनंदाबाई म्हणाल्या.

"संध्याकाळची वाफ कशी घेशील?"

"चार वर्षांनी आलेय मी."

"अगं, श्वास लागलाय तुला!"

"श्वास माझा आहे. तुमचा नाही." त्या पेटीवरून हलल्या नाहीत. त्यांची मूठ मिटलेली होती आणि त्या मुठीतून शिट्टीची दोरी लोंबत होती. बापूंनी ती पाहिली. ते तडक वळले आणि जीपकडे चालायला लागले. रागाने, की सामान आणायला, कोणालाच कळलं नाही. त्यांनी मागचं दार उघडलं, एकेक वस्तू वाळूत फेकली: दोरखंड, जॅक, पाना, आणि पायाने टायरमध्ये हवा भरायचा पंप.

पंप हातात घेऊन ते थांबले. वाफेच्या मशीनमध्ये वीज करते काय? हवा फेकते. दुसरं काय करते? चौतीस वर्षं डब्यांच्या पोटाशी काढली आणि एवढं सुचायला मशीन मरावं लागलं! त्यांनी स्वतःला एक अस्सल उज्जैनी शिवी दिली, मोठ्याने.

पंपाच्या तोंडाला औषधाच्या वाटीची नळी बसत नव्हती. बापूंनी झोळीतून टेप काढली, बॉलपेनची नळी चाकूने कापली, एक टोक इकडे, एक तिकडे, वरून टेपचे पंधरा वेढे. वाटीत औषध घातलं. मुखवटा सुनंदाबाईंच्या नाकावर बसवला.

"आल्हादराव!"

"हो?"

"इकडे या. पाय ठेवा. मी म्हणेन तेव्हा दाबायचं."

आल्हादरावांनी दाबलं. वाटीत खुळखुळ झालं आणि मुखवट्यातून पांढरं धुकं बाहेर आलं. एक भपका. बायका "अरे वा!" म्हणाल्या. बापू खेकसले, "तमाशा आहे काय? तिला हवा लागू द्या. दाबा! सुनंदा, ओढ. दाबा! ओढ. थांबू नका, आल्हादराव, जीपचं टायर नाही हे. दाबा!"

पाच मिनिटांत जावयाच्या कपाळावर घाम आला. दहा मिनिटांत त्यांनी पाय बदलला. त्यांचा पाय खाली गेला की सुनंदाबाईंची छाती वर यायची, आणि बापू दोघांवर नजर ठेवून, दात खाऊन, आकडे मोजत होते.

"अजून किती?" आल्हादरावांनी धापा टाकत विचारलं.

"शिक्षा पूर्ण होईपर्यंत," मृणाल म्हणाली.

आल्हादराव आधी समजले नाहीत. मग समजले, आणि हसू आलं तरी पाय थांबवायची त्यांची हिंमत झाली नाही. बापू हसले नाहीत. फक्त आकडा चुकले आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले, त्यामुळे जावयाला सहा मिनिटं जास्त मिळाली.

धुकं संपलं. शीळ गेली होती. आल्हादराव पंप उचलून म्हणाले, "बापू, हा आता खाली..." आणि तिथेच अडकले. इकडेतिकडे बघून त्यांनी तो जपून पेटीवर ठेवला. "उद्या सकाळी किती वाजता?"

"सहा," बापू म्हणाले. "आणि चप्पल नको. बूट घाला."

ते मेलेल्या मशीनजवळ जाऊन बसले. पाटी दुरुस्त करायला खिशातून लाल पेन्सिल काढली. 'खाली' खोडून 'रिकामं' लिहायचं, एवढंच काम. पण तो शब्द त्यांच्या घरात कोणी बोलत नसे. तो पुण्याहून जीपमध्ये बसून आलेला शब्द होता. पेन्सिल त्यांनी पुठ्ठ्यावर टेकवली. मग ती परत खिशात ठेवली. पाटी होती तशीच राहू दिली. आता तरी ती दोन्ही भाषांत खोटी नव्हती. तेल नव्हतंच, आणि मशीनही खालीच पडलं होतं.

तेवढ्यात शिट्टी वाजली. पहिली फुसकी निघाली, नुसती हवा. दुसरी लागली. आणि चाळिशीच्या त्या बायका, कोणी भाजी चिरायची सोडून, कोणी पदर खोचत, पळत आल्या आणि वाळूत रांगेत उभ्या राहिल्या. "आल्हादराव, तुम्हीसुद्धा!" सुनंदाबाई ओरडल्या. तोच आवाज. अंगणातल्या माणसाने ताठ उभं राहावं असा.

तिसरी शिट्टी लांब होती, आणि ती वाजवताना त्या बापूंकडे बघत होत्या. बापू चिडूनच उठले. कपड्यांची वाळू झटकली, आणि रांगेच्या शेवटी, जावयाशेजारी जाऊन उभे राहिले.